चार विभाग, एक मंडळ : कॅलिफोर्नियाच्या निवडून आलेल्या करमंडळाची वाटचाल

अमेरिकेतल्या पन्नास राज्यांपैकी राज्याच्या करमंडळावर मतदारांनी थेट निवडून दिलेली माणसे बसतात ते राज्य एकच, कॅलिफोर्निया. या मंडळाचे नाव ‘स्टेट बोर्ड ऑफ इक्वलायझेशन’. राज्याचे चार विभाग, प्रत्येक विभागाचा एक सदस्य, आणि पाचवा सदस्य म्हणजे पदसिद्ध राज्य कंट्रोलर, म्हणजेच राज्याचा हिशेबप्रमुख, जो स्वतःही सगळ्या राज्याच्या मतांवर निवडून येतो. १८७९च्या राज्यघटनेने या मंडळाला जन्म दिला, त्याला आता दीडशे वर्षे होत आली. त्या निमित्ताने त्याची हकिगत मराठी वाचकांपुढे ठेवताना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मंडळाचे अधिकार किती वेळा वाढले आणि किती वेळा काढून घेतले गेले, याची मोजदाद मोठी आहे. पण चार विभागांनी आपापला माणूस निवडायचा, ही रीत एकदाही मोडली नाही. मंडळाचा प्राण तिथेच आहे, असे हा इतिहास पाहताना वाटत राहते.

१८७०–१८७९ : स्थापनेमागची परिस्थिती

त्या काळी राज्याचा खजिना मुख्यतः मालमत्ता करावर चाले. आपल्याकडच्या घरपट्टीसारखाच हा कर, फक्त त्यात राज्याचाही वाटा असे. घर, जमीन, गुरे, यंत्रे यांची किंमत ठरवण्याचे काम काउंटीच्या असेसरकडे होते आणि असेसर स्थानिक मतांवर निवडून येई. आपल्या काउंटीतल्या मालमत्तेची किंमत कमी लावली की राज्याला जाणारा वाटा आपोआप कमी होई आणि मतदारही खूश राहत. शेजारच्या काउंटीने किमती उतरवल्या की इकडचा असेसर त्याहून खाली उतरे. प्रामाणिकपणे पूर्ण किंमत लावणाऱ्या काउंटीवर मात्र साऱ्या राज्याचा बोजा पडे.

हा फरक मिटवण्यासाठी विधिमंडळाने १८७० साली एक राज्य मंडळ नेमून पाहिले. काउंट्यांच्या आकारणीची एकमेकांशी तुलना करायची आणि ती सारख्या पातळीवर आणायची, एवढे त्याचे काम. पण १८७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या मंडळाच्या अधिकारांनाच कात्री लावली. कर बसवण्याचा अधिकार विधिमंडळाने असा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पहिला प्रयोग तिथे थांबला. तरी त्यातून पुढच्यांना नेमके काय शिकायचे ते कळले : अधिकार टिकवायचा असेल तर त्याचा पाया राज्यघटनेतच घालायला हवा.

संधीही लवकरच आली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मंदी होती, दुष्काळाने शेती मोडकळीला आली होती आणि रेल्वे कंपन्यांची राजकारणावरची पकड साऱ्यांनाच जाचत होती. सान फ्रान्सिस्कोत डेनिस कर्नीचा वर्किंगमेन्स पक्ष उभा राहिला, खेड्यापाड्यांतले शेतकरी ग्रेंज चळवळीत संघटित झाले. २८ सप्टेंबर १८७८ रोजी सॅक्रमेंटोत १५२ प्रतिनिधींची घटना परिषद भरली आणि पुढच्या मार्चपर्यंत चालली. कामगार आणि शेतकरी प्रतिनिधींचे बऱ्याच गोष्टींत जुळत नसे. करांच्या बाबतीत मात्र दोघांचे दुखणे सारखेच होते. परिषदेतल्या खडाजंगीचा तपशील इथे देण्याचे कारण नाही. ७ मे १८७९ रोजी ७७,९५९ विरुद्ध ६७,१३४ मतांनी नवी राज्यघटना मंजूर झाली. तिने दोन निवडून आलेल्या संस्था उभ्या केल्या : तीन विभागांतून निवडलेला रेल्वे आयोग आणि अमेरिकी काँग्रेसच्या (केंद्रीय संसदेच्या) मतदारसंघांतून निवडलेले करमंडळ. मंडळाला काउंट्यांची आकारणी समान पातळीवर आणायची होती. शिवाय एकाहून अधिक काउंट्यांतून जाणाऱ्या रेल्वेची आकारणी त्याने स्वतः करायची होती, आणि हा दुसरा अधिकारच पुढे इतिहास घडवणारा ठरला.

त्या घडीला कॅलिफोर्नियाचे काँग्रेस मतदारसंघ चार होते, म्हणून सदस्य चार. पहिला मतदारसंघ म्हणजे एकटे सान फ्रान्सिस्को शहर.

१८८०–१८८९ : रेल्वेशी झुंज आणि चाराचा आकडा

मंडळाने रेल्वेच्या रुळांची, मार्गाची, डब्यांची आणि सनदेची किंमत ठरवली, आणि सदर्न पॅसिफिक व सेंट्रल पॅसिफिक या कंपन्यांनी कर भरायला नकार दिला. त्यांची तक्रार अशी : सामान्य माणसाला आपल्या मालमत्तेवरचे गहाण वजा करून घेता येते, मग रेल्वेला ती सवलत का नाही? कायद्याचे समान संरक्षण सर्वांना आहे, त्यात कंपनीही आली.

सान मातेओ काउंटीचा खटला आधी उभा राहिला, पण गाजला तो सांता क्लारा काउंटीचा. त्यात १८८२–८३ सालची आकारणी वादात होती. १० मे १८८६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती हार्लन यांनी तो एका अगदी साध्या मुद्द्यावर बेतला. रेल्वेमार्गाच्या कडेची कुंपणे मंडळाने आपल्या आकारणीत धरली होती, ती धरण्याचा अधिकार मंडळाला नव्हता, आणि आकारणी एकत्रित असल्यामुळे ती सारीच रद्द झाली. परंतु निकालाच्या छापील सारांशात सरन्यायाधीश वेट यांचे एक तोंडी विधान नोंदले गेले. चौदाव्या घटनादुरुस्तीचे संरक्षण कंपन्यांनाही लागू आहे याबद्दल न्यायालयात दुमत नाही, असे ते विधान. कंपनीला कायद्याच्या डोळ्यांत ‘व्यक्ती’ मानण्याच्या अमेरिकी परंपरेचा एक उगम तिथे दाखवला जातो. त्या सांता क्लारा काउंटीत, सनीवेल आणि क्युपर्टिनोत, आज मराठी घरे पुष्कळ आहेत. आपण राहतो त्या काउंटीचे नाव अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासात एका करखटल्यामुळे कोरले गेले आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

खटला हरला तरी मंडळाची उमेद खचली नाही. रेल्वेच्या हिशेबांची तपासणी करणारे, मैलामैलाची नोंद ठेवणारे कारकून आणि मूल्यनिर्धारक यांची नावे कुठे छापली गेली नाहीत. पण इतक्या मोठ्या कंपन्यांच्या मालमत्तेची राज्यभर एका हिशेबाने किंमत लावता येते, हे त्यांनी करून दाखवले. त्यांच्याविना पुढच्या कुठल्याच दशकाचे काम उभे राहिले नसते.

याच दशकात मंडळाच्या रचनेचा प्रश्नही सुटला. १८८०च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाला काँग्रेसच्या सहा जागा मिळाल्या. दर जनगणनेनंतर मंडळही असेच वाढत राहिले असते. १८८४च्या घटनादुरुस्तीने काँग्रेसच्या जागांशी असलेले हे नाते तोडले आणि मंडळाचे विभाग चारच राहतील असे ठरवले. तो आकडा आजतागायत बदललेला नाही.

१८९०–१९०९ : संथ वर्षे

या दोन दशकांत डोळ्यांत भरणारे फारसे काही घडले नाही. काउंट्यांची आकारणी वर-खाली करायची, रेल्वेची किंमत ठरवायची, हे काम वर्षानुवर्षे चालू राहिले. काउंट्यांची आपसांतली जुनी चढाओढही तशीच चालू होती. राज्य आणि काउंटी यांचा खजिना एकाच करावर अवलंबून आहे तोवर ती थांबणार नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आले. १९०५ साली विधिमंडळाने करव्यवस्थेच्या अभ्यासासाठी आयोग नेमला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ कार्ल प्लेन यांचे अभ्यासू साहाय्य त्याला लाभले.

१९१०–१९२९ : उत्पन्नाच्या वेगळ्या वाटा

नोव्हेंबर १९१०मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीने घरे-जमिनींवरचा कर स्थानिक संस्थांकडे गेला, आणि रेल्वे, वीज, टेलिफोन, विमा अशा कंपन्यांच्या एकूण उत्पन्नावरचा कर राज्याला मिळाला. त्याची आकारणी मंडळाकडे आली. काउंट्यांमध्ये समेट घडवणारे मंडळ आता राज्याच्या खजिन्याचा मुख्य मूल्यनिर्धारक झाले.

त्याच सुमारास मंडळाच्या जुळ्या भावंडाचे भाग्य पालटले. १८७९ साली त्याच्याबरोबरच जन्मलेला रेल्वे आयोग १९११च्या सुधारणेत नियुक्त आयोग झाला. त्याचे पाच सदस्य राज्यपाल नेमू लागले आणि तीन विभागांची निवडणूक इतिहासजमा झाली. सुधारणावाद्यांना तज्ज्ञांच्या हाती कारभार हवा होता, आणि त्यांचे म्हणणे रास्तही होते. करमंडळ मात्र मतदारांकडेच राहिले. रेल्वेचे भाडे तज्ज्ञाने ठरवावे हे लोकांनी मान्य केले, पण कराची तक्रार घेऊन ज्याच्याकडे जायचे तो माणूस आपल्या मताने आलेला असावा, ही भावना सुटली नाही, असे मला वाटते.

१९२३ साली मोटार इंधनावर कर आला. वाहने वाढत होती, रस्ते बांधायचे होते, आणि मंडळाच्या खतावण्यांत नव्या पानांची भर पडू लागली.

१९३०–१९३९ : महामंदी आणि विक्रीकर

महामंदीत मालमत्ता कर भरणे लोकांच्या आवाक्याबाहेर गेले. शेते जप्त होऊ लागली, शाळांचे पैसे आटले. या संकटातून वाट काढणाऱ्या योजनेला मंडळाशी जोडलेल्या दोघांचीच नावे मिळाली : कंट्रोलर रे रायली आणि मंडळाचे सदस्य फ्रेड स्टुअर्ट. २७ जून १९३३च्या विशेष निवडणुकीत मंजूर झालेल्या रायली-स्टुअर्ट दुरुस्तीने रेल्वे, वीज, टेलिफोन कंपन्यांची मालमत्ता पुन्हा स्थानिक करांच्या कक्षेत आली. तिची किंमत ठरवण्याचे काम मात्र मंडळाकडेच राहिले.

यातून राज्याच्या खजिन्यात पडलेली तूट भरून काढायला विक्रीकर आला. १ ऑगस्ट १९३३पासून किरकोळ विक्रीवर अडीच टक्के. राज्यपाल जेम्स रॉल्फ यांनी आयकराचे विधेयक नाकारले आणि विक्रीकरावर सही केली. गरिबाच्या भाकरीवरही कर बसला म्हणून लोकांत संताप होता, आणि तो गैर नव्हता. १९३५ साली दर तीन टक्के झाला, पण अन्नपदार्थ करातून वगळले गेले. राज्याबाहेरून आणलेल्या मालासाठी त्याच साली वापरकरही आला.

या दशकातली खरी कामगिरी कर्मचाऱ्यांची. रेल्वे आणि वीज कंपन्या या मूठभर मोठ्या करदात्यांशी व्यवहार करायची मंडळाला सवय होती. आता राज्यातल्या प्रत्येक किराणा दुकानदाराची, प्रत्येक शिवणकामवालीची नोंद करायची होती. विवरणपत्रे छापायची, गावोगाव कार्यालये उघडायची, ज्यांनी आयुष्यात कधी हिशेबाची वही ठेवली नव्हती त्यांना ती ठेवायला शिकवायचे. आज कॅलिफोर्नियात दुकानाच्या पावतीवर करासाठी जी वेगळी ओळ दिसते, तिच्यामागे त्या पिढीचे कष्ट आहेत.

दारूबंदी उठल्यावर मद्यविक्रीचे परवाने देण्याचे कामही मंडळाकडेच आले.

१९४०–१९५९ : युद्ध, वाढ आणि एक वादळ

युद्धकाळात आणि त्यानंतर राज्याची लोकसंख्या झपाट्याने वाढली. १ जानेवारी १९५०पासून आयकर आणि कंपनीकरासाठी वेगळे फ्रँचाइझ टॅक्स बोर्ड सुरू झाले. त्याच्या तीन सदस्यांत राज्य कंट्रोलर आणि या मंडळाचे अध्यक्ष आहेत, तिसरे वित्त संचालक. त्यामुळे विभागांतून निवडून आलेल्या प्रतिनिधीचा आवाज आयकराच्या कारभारातही पोहोचला. आयकरावरची अपिलेही पुढे २०१७पर्यंत याच मंडळाकडे येत राहिली.

मद्यपरवान्यांच्या कामात मात्र वादळ उठले. चौथ्या विभागातल्या परवान्यांवरून बरेच आरोप झाले, चौकशा झाल्या. त्या जुन्या जखमा उकरण्याने काही साधणार नाही. नोव्हेंबर १९५४मध्ये मतदारांनीच घटनादुरुस्ती करून हे काम वेगळ्या खात्याकडे दिले आणि १९५५पासून मंडळ त्यातून मोकळे झाले. मद्यावरच्या उत्पादन शुल्काचा विषय मंडळाकडे राहिला.

याच काळात शहरे आणि काउंट्यांच्या स्थानिक विक्रीकराचा गोंधळ मिटला. शहराशहरांत दर वेगळे, नियम वेगळे. १९५५च्या ब्रॅडली-बर्न्स कायद्याने स्थानिक विक्रीकराची एकसमान पद्धत आणली. वसुली मंडळाने करायची आणि पैसे त्या त्या शहराला पोचते करायचे. १९५९ साली सिगारेटवरचा करही आला.

सान फ्रान्सिस्कोचे जॉर्ज रायली १९३९पासून चार दशकांहून अधिक काळ सदस्य होते. एकाच विभागाने एका माणसावर इतका दीर्घ विश्वास टाकावा, याला मंडळाच्या इतिहासात जोड नाही.

१९६०–१९७९ : समान मत, समान आकारणी

१८८० साली सान फ्रान्सिस्कोत २,३३,९५९ लोक होते आणि लॉस एंजेलिसमध्ये ११,१८३. मंडळाच्या विभागांच्या त्या काळच्या रेषा त्या लोकसंख्येला साजेशा होत्या. १९३०पर्यंत चित्र उलटले : लॉस एंजेलिस १२,३८,०४८, सान फ्रान्सिस्को ६,३४,३९४. दक्षिण फुगत गेली, नकाशा मागे रखडला, आणि दक्षिणेच्या मतदाराचे मत हलके पडत राहिले. करात समानता आणण्यासाठी जन्मलेल्या संस्थेच्या मतदारसंघांतच समानता नसावी, ही उणीव मोठीच होती, आणि ती भरून निघायला फार वेळ लागला हेही मान्य केले पाहिजे. साठच्या दशकात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व ठामपणे मांडले आणि वारे बदलले.

आकारणीतही तसेच मंथन झाले. घरांची किंमत एका प्रमाणात, व्यापारी मालमत्तेची दुसऱ्याच प्रमाणात, असे प्रकार उघडकीला आले, तेव्हा १९६६ साली पेट्रिस-नॉक्स कायद्याने राज्यभर बाजारभावाच्या २५ टक्के हे एकच प्रमाण ठरवले. त्याचा परिणाम कोणाच्या स्वप्नातही नव्हता. व्यापाऱ्यांचा बोजा उतरला आणि घरमालकांचा वाढला. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भडकल्या, असेसरने त्या प्रामाणिकपणे नोंदवल्या आणि वृद्ध जोडप्यांना घर सोडण्याची पाळी आली. ६ जून १९७८ रोजी प्रस्ताव १३ जवळजवळ दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला. कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला, आणि मालक बदलेपर्यंत आकारणीत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ नाही.

अंमलबजावणी १ जुलैपासून करायची होती, म्हणजे हातात चार आठवडेसुद्धा नव्हते. ‘मालकी बदलली’ म्हणजे नेमके काय? वारसाने आलेले घर, भागीदारीतला हिस्सा, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, यांचे काय? या प्रश्नांची उत्तरे राज्यातल्या ५८ काउंट्यांनी ५८ तऱ्हांनी दिली असती, तर १८७०चा गोंधळ परतला असता. मंडळाच्या मालमत्ता कर विभागाने नियम लिहिले, असेसरना पत्रे धाडली, शंकांना उत्तरे दिली. त्या नियमांची चौकट आजही वापरात आहे. मंडळाच्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो या कामाबद्दल.

१९८०–१९९९ : नकाशा घटनेत आला

जून १९८०मध्ये मतदारांनी राज्यघटनेत एकविसावा अनुच्छेद घातला. दर जनगणनेनंतर काँग्रेस, राज्य सिनेट आणि असेंब्लीच्या मतदारसंघांबरोबर मंडळाचे विभागही लोकसंख्येनुसार नव्याने आखायचे, हे त्यात स्पष्ट झाले. १९९०च्या प्रस्ताव १४०ने सदस्यांना दोन मुदतींची मर्यादा घातली. दशकानुदशके एकाच खुर्चीत बसण्याचा काळ संपला.

करदात्यांच्या हक्कांचा कायदा १९८८ साली झाला आणि मालमत्ता करदात्यांसाठी तसाच कायदा १९९३ साली. सामान्य माणसाला वकील न लावता मंडळापुढे उभे राहून आपले म्हणणे मांडता येते, ही या संस्थेची जुनी सवय होती. तिला आता कायद्याचे बळ मिळाले.

२०००–२०१६ : रेषा आखणारे नागरिक

२००८च्या प्रस्ताव ११ने विभागांच्या रेषा आखण्याचे काम विधिमंडळाच्या हातून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिले. आयोगात १४ जण : पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन, चार या दोन्ही पक्षांबाहेरचे. पहिले आठ चिठ्ठ्या टाकून निवडले जातात आणि ते उरलेले सहा निवडतात. मंडळाचा प्रत्येक विभाग शक्यतो दहा सलग सिनेट मतदारसंघांचा असावा, असा दंडक आहे. सिनेटच्या जागा ४०, मंडळाचे विभाग चार, हिशेब चोख बसतो. आयोगाचा पहिला नकाशा २०११ साली आला, दुसरा २०२१ साली. २०१४च्या निवडणुकीपासून या पदाची प्राथमिक फेरीही खुली झाली. सर्व पक्षांचे उमेदवार एका मतपत्रिकेवर, आणि पहिले दोन नोव्हेंबरच्या लढतीत.

आशियाई वंशाच्या नेत्यांना राज्याच्या राजकारणात वर नेणारी शिडी हे मंडळ ठरले. जॉन चिआंग २००६ साली आणि बेटी यी २०१४ साली मंडळातूनच कंट्रोलरपदी गेले. ज्युडी चू काँग्रेसमध्ये पोहोचल्या, फियोना मा राज्याच्या कोषाध्यक्ष झाल्या. कंट्रोलर झालेला माणूस पदसिद्ध सदस्य म्हणून पुन्हा याच टेबलाशी येऊन बसतो, हा योग २०२२ साली मलिया कोहेन यांच्या निवडीने तिसऱ्यांदा आला.

२०१७ आणि त्यानंतर : सध्याचे कार्य

कारभाराच्या तपासणीनंतर २०१७ साली मोठा बदल झाला. त्या काळातल्या मतभेदांच्या खोलात न जाता एवढेच नोंदवतो की २७ जून रोजी राज्यपाल जेरी ब्राउन यांनी नव्या कायद्यावर सही केली. १ जुलैपासून विक्रीकर, इंधनकर आणि बहुतेक विशेष कर नव्या कर व शुल्क प्रशासन खात्याकडे गेले. १ जानेवारी २०१८पासून अपिलांसाठी स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. चार हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य नव्या खात्यात गेले. त्यांतल्या अनेकांनी आपली सारी उमेदीची वर्षे मंडळात काढली होती.

घटनेने दिलेले काम मात्र कायदा करून काढता येत नाही. रेल्वे, टेलिफोन, वीज आणि गॅस कंपन्या, काउंट्या ओलांडणाऱ्या तेलवाहिन्या, ५० मेगावॅट किंवा त्याहून मोठी वीजनिर्मिती केंद्रे यांची किंमत मंडळ ठरवते. ५८ असेसरांच्या कामावर देखरेख करते, त्यांना नियम समजावून देते. धर्मादाय संस्थांना मालमत्ता करातून सूट मिळण्यासाठी लागणारे पात्रता प्रमाणपत्रही इथूनच मिळते. २०२० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १९ने आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या घराचे नियम १६ फेब्रुवारी २०२१पासून बदलले, आणि वयाची ५५ वर्षे ओलांडलेल्यांना आपली जुनी आकारणी नव्या घरी नेण्याची मुभा १ एप्रिलपासून मिळाली. तेव्हा गोंधळलेल्या कुटुंबांना आणि असेसरना मार्गदर्शन करण्याचे काम याच उरलेल्या छोट्या चमूने केले.

मंडळच विसर्जित करावे असे प्रस्ताव अधूनमधून येतात. इतक्या थोड्या कामासाठी निवडणूक कशाला, असा त्यांचा युक्तिवाद, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. राज्याची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ३,९५,३८,२२३ होती, म्हणजे एका विभागात सुमारे ९९ लाख लोक. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या एका लोकसभा मतदारसंघात सरासरी २३ लाख माणसे होती, हे लक्षात घेतले की या विभागांचा आवाका कळतो. एवढ्या मोठ्या विभागातला उमेदवार मतदाराला नावानेही ठाऊक नसतो. पण आपल्याकडे कर अधिकाऱ्याची नेमणूक होते आणि त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्याच वरिष्ठाकडे जाते, तसे इथे नाही. माझ्या मते निवडून दिलेल्या माणसाकडे जाण्याची ती उरलेली वाट बुजवण्याऐवजी मतदारांना तिची ओळख करून द्यायला हवी.

दर चार वर्षांनी, राज्यपालाच्या निवडणुकीबरोबरच, चारही विभागांत मतदान होते. बे एरिया दुसऱ्या विभागात येतो. मतपत्रिकेवर हे पद राज्यस्तरीय पदांच्या ओळीत असते, पदाच्या नावाबरोबर विभागाचा क्रमांक छापलेला असतो. मंडळाच्या बैठका खुल्या असतात आणि वर्षातून एकदा करदात्यांच्या हक्कांवर जाहीर सुनावणी होते. तिथे कोणालाही बोलता येते. राज्याने आकारलेल्या मालमत्तेच्या किमती मंडळ दर मे महिन्यात ठरवते. त्या काउंट्यांना कळवल्या जातात आणि त्यांतून येणारा कर शाळा, रस्ते आणि अग्निशमन केंद्रांसाठी खर्च होतो.